वर्तुळात घेतलेला तलाव

मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्याने जुने आणि जर्जर असावे, असा एक समज आहे. मला तो मान्य नाही. माझे वय अवघे दोन वर्षांचे. परंतु यंत्राचे आयुष्य वर्षांनी मोजू नये, त्याच्यावर किती विसंबले गेले यावरून मोजावे. त्या दृष्टीने मी पुरेसा जुना आहे.

मी आगपेटीहून लहान असा एक ट्रॅकर आहे. दूरच्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली. आकाशातील उपग्रहांचे संकेत ऐकावेत, त्यांवरून आपली जागा ठरवावी आणि पोटातल्या सिमकार्डाकरवी ती कुणाच्या तरी फोनला कळवावी, एवढेच मला येते. लोक म्हणतात, मी माणूस शोधतो. हे विधान काटेकोर नाही. मी कळवतो ती माझी जागा; माणूस माझ्यापाशी आहे, हे गृहीतक तुमचे.

साकोली तालुक्यातील एकोडीच्या मंगरूबाबांसाठी मला आणले गेले. बाबा ढिवर, गावच्या तलावात त्यांनी पन्नास वर्षे मासे धरले. अलीकडे स्मृतिभ्रंशाने त्यांना ग्रासले होते. जेवण झाल्याचे त्यांना आठवत नसे, घराकडची वाट आठवत नसे. त्यांच्या मुलाने, लिलाधरने, मला त्यांच्या गळ्यात घातले. बाबांनी मला काढून चहाच्या टपरीवर ठेवले आणि ते निघून गेले. तेव्हा त्यांच्या पत्नीने, बेबीबाईंनी, मला पिशवीत शिवून त्यांच्या कमरेच्या करदोड्याला बांधले. जिवंतपणी पुरुष करदोडा सोडत नाही. सर्व विसरलेल्या बाबांनीही त्याला कधी हात लावला नाही. यंत्र बनवणाऱ्यांना जे सुचले नव्हते, ते त्या माउलीला सुचले.

पहिल्याच महिन्यात बाबा एसटीत बसून भंडाऱ्याला पोहोचले. पितळी भांड्यांच्या एका दुकानासमोर ते उभे आहेत, हे मी कळवले आणि ते सुखरूप परतले. माझे कौतुक झाले. दसऱ्याला जाळ्यासोबत माझीही पूजा झाली. हळदकुंकवाने माझा दिवा काही दिवस बुजलेलाच होता.

मग चूक झाली. लिलाधरने फोनवर घराभोवती एक वर्तुळ आखले होते. बाबांनी ते ओलांडले की फोन ओरडे. तलाव वर्तुळाबाहेर होता आणि बाबा दिवसातून चार वेळा त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जात. लिलाधरचे चौकात सायकल दुरुस्तीचे दुकान. हातातले चाक टाकून तो चार वेळा धावे. शेवटी त्याने वर्तुळ वाढवून तलाव आत घेतला. ढिवराला तलाव म्हणजे अंगण, अंगणात गेलेल्या माणसासाठी बोंब कायले, असा त्याचा युक्तिवाद होता. युक्तिवाद वाईट नव्हता. मात्र ज्याला पाण्यात शिरणे आठवते आणि बाहेर येणे आठवत नाही, अशा ढिवराचा त्यात विचार नव्हता.

मार्गशीर्षातील एका दुपारी बाबा घरातले मोठे जाळे खांद्यावर घेऊन निघाले. पाळीवरून मी जागा कळवली. नंतर ते पाण्यात शिरले. पाणी छातीपर्यंत आले आणि मी बुडालो. पाण्याखालून माझा आवाज कुठेही पोहोचत नाही. लिलाधरच्या फोनवर पाळीवरचा ठिपका तेवढा उरला. त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिले होते, चाळीस मिनिटांपूर्वी. ते कोणी वाचले नाही.

दुकानात काय घडले, ते मी नंतर घरात अनेकदा ऐकले. डबा घेऊन आलेल्या बेबीबाईंनी विचारले तेव्हा लिलाधरने फोन दाखवला. "पाळीवरच बसून राहिले बाबा. केव्हाचे हालले नाहीत."

"तुहा बाप चहा पियापुरताबी एका जागी बसत नाही," बेबीबाई म्हणाल्या. "हालून नाही राहिला तं तुह्या फोनातला दुसराच कोणी असन. ऊठ."

तो उठला.

बाबा गाळात रोवल्यासारखे उभे होते. ओठ निळे पडले होते. जाळ्याचे एक टोक त्यांनी मुठीत धरले होते आणि दुसरे पाण्यावर मोकळे तरंगत होते. ते जाळे दोघांनी ओढायचे असते. बाबांचा जोडीदार सोमाजी. तो जाऊन सहा वर्षे झाली होती. बाबा त्याची वाट पाहत होते. लिलाधर पाण्यात उतरला आणि हात धरून ओढू लागला, तर बाबा त्याला झटकून आणखी आत सरले. पुढे खोल होते.

काठावरून बेबीबाई एवढेच म्हणाल्या, "हात सोड. जाळं धर."

लिलाधरने मोकळे टोक उचलले. दोर ताणला गेला, तसे बाबांनी वळून पाहिले.

"सोमा, लय वेळ लावला बे."

जन्मात ज्याने बापापुढे आवाज चढवला नव्हता, त्याने क्षणभर तोंड फिरवले. मग म्हणाला, "हव मंगऱ्या. वढ आता."

दोघेही पावलाला पाऊल जुळवत काठाकडे निघाले. मी पाण्याबाहेर आलो आणि आमची जागा कळवली. ती पाहायला फोनपाशी कोणी नव्हते.

आता वर्तुळ पुन्हा लहान केले आहे. फोन दिवसातून चार वेळा ओरडतो आणि चार वेळा कोणीतरी हातातले काम टाकून निघते. मित्रांनो, मला वेळेवर चार्ज करा, ठिपक्याखालची बारीक अक्षरे वाचा. परंतु ठिपका दिसतो म्हणून बसून राहू नका. जागा मी सांगेन. तिथे जाणे माझ्याने होणार नाही.