पिंकीने विचारलं होतं

सोमवारी सकाळी नागपूरच्या मनीषनगरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कोणाचाच मेल उघडेना. रिसेप्शनवर उघडेना, हिशेबाच्या टेबलावर उघडेना, आणि ज्या कॉम्प्युटरवरून पेशंटचे रिपोर्ट डॉक्टरांना आपोआप मेल व्हायचे, तिथेही नुसतं चक्र फिरत होतं.

अशा वेळी सगळ्या ऑफिसांत जे होतं तेच इथेही झालं. सगळ्यांनी मिळून एकाच माणसाला भंडावून सोडलं.

तो माणूस म्हणजे प्रीतम. लॅबचे कॉम्प्युटर, नेटवर्क, तळमजल्यावरचा मेलचा सर्व्हर, सगळं तो एकटा सांभाळायचा. कामात पक्का होता, पण जिभेला लगाम नव्हता. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. विचारलेलं सांगतो, पण त्याआधी विचारणाऱ्याची अक्कल काढतो.

"प्रीतमभाऊ, मेल नाही उघडून राहिला," रिसेप्शनवरची पिंकी दबकत म्हणाली.

"माहीत आहे मले! सकाळपासून तेच ऐकून राहिलो. मी काय इथं पोहे खात बसलो का?"

पिंकी आणखी काही बोलणार होती, पण तो तोवर वळलाही होता.

त्याने लॅबचं वायफाय सोडून मोबाइलच्या नेटवर मेल उघडला. झटकन उघडला! पुन्हा वायफाय जोडलं, की ठप्प. म्हणजे बाहेरच्या साऱ्या जगाला मेल मिळत होता, आणि सर्व्हर ज्या इमारतीत होता, त्याच इमारतीतल्या माणसांना मिळत नव्हता. हे काम फायरवॉलचंच, हे त्याच्या लक्षात आलं. नेटवर्कमध्ये कोणाला येऊ द्यायचं आणि कोणाला अडवायचं, हे ठरवणारं ते यंत्र. त्याने त्याची सेटिंग उघडली. त्याने स्वतः घातलेले नियम जिथल्या तिथे होते. यंत्र बंद करून चालू केलं. केबल बदलल्या. मग त्या यंत्राच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिथे बराच वेळ संगीत ऐकवून झाल्यावर एक मुलगा गोड आवाजात म्हणाला, "सर, आमच्याकडून सगळं ठीक आहे. तुमच्याकडेच कोणीतरी सेटिंग बदललं असेल."

झालं! प्रीतम तरातरा हॉलमध्ये आला.

"कोण्या गाढवानं हात लावला फायरवॉलले? बोला ना! आता काहून सगळे मुके झाले?"

हिशेबाचे महादेवराव चष्मा पुसत बसले. पिंकीने वाजणारा फोन उचलला.

तो फोन सावनेरहून होता. माया नावाची एक बाई विचारत होती, "ताई, माह्या बाबाचा रिपोर्ट काहून नाही आला अजून? रुपराव नाव आहे. किडनीचा त्रास आहे त्यायले. डॉक्टर म्हणून राहिले, रिपोर्ट आल्याबिगर औषध नाही बदलत. बाबा तर उठूनही नाही राहिले."

पिंकी धावतच डॉक्टर अरुंधतींच्या खोलीत गेली. लॅबमधल्या त्या सगळ्यात ज्येष्ठ डॉक्टर. त्यांनी रुपरावांचा रिपोर्ट पडद्यावर आणला आणि त्या ताडकन उभ्याच राहिल्या. रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढलं होतं, की हृदय कधीही दगा देऊ शकलं असतं! रिपोर्ट केव्हाच तयार झाला होता. पण मेलच्या रांगेत अडकून पडला होता. असा धोक्याचा रिपोर्ट आला की डॉक्टरांना फोनही करायचा, हा लॅबचा नियम होता. पण सकाळपासून सगळे फोन मेलच्या तक्रारींनीच भरले होते, आणि ज्याने फोन करायचा त्याला वाटलं, दुसऱ्याने केला असेल.

अरुंधतींनी स्वतः सावनेरच्या डॉक्टरांना फोन लावला. "आधी ईसीजी काढा. पोटॅशियम उतरवायचं औषध सुरू करा आणि पेशंटला लगेच नागपूरला हलवा. एकटं पाठवू नका."

फोन ठेवून त्या हॉलमध्ये आल्या. आवाज चढला नव्हता, पण सगळे उठून उभे राहिले.

"हे कोणी केलं, ते मला नकोय," त्या म्हणाल्या. "शनिवारपासून इथे काय काय झालं, तेवढं सांगा. सांगणाऱ्याला कोणी एक शब्दही बोलणार नाही. माझ्याकडे रक्ताची नळी चुकून बदलली गेली, तर टेक्निशियन तिथल्या तिथे येऊन सांगतो. मी त्याच्यावर ओरडले, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल, आणि एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात जाईल."

पिंकी पुढे आली. "मॅडम, मी केलं."

"तू?" प्रीतम किंचाळला. "अन् सकाळपासून गप्प बसून राहिली?"

"प्रीतम!" अरुंधतींनी हात वर केला. "पिंकी, बोल."

"शनिवारी भाऊ सुट्टीवर होते. लॅब बंद करायच्या वेळी कॉम्प्युटरवर इशारा आला, की कोणीतरी चुकीचा पासवर्ड टाकून मेलमधे घुसून राहिलं. मी भाऊले फोन केला. विचारलं, काय करू. भाऊ म्हणाले..." ती थांबली.

"काय म्हणालो मी?"

"म्हणाले, 'सुट्टीच्या दिवशी तरी जगू द्या बा मले! ब्लॉक लिहिलं असेल, ते दाब अन् फोन ठेव.' मी दाबलं. काल तर लॅब बंदच होती. आज सकाळी सांगाले आली होती, पण तुम्ही..."

प्रीतमला तो फोन आठवला. लग्नाच्या पंगतीत बसला होता तो. पलीकडचं नीट ऐकूनही घेतलं नव्हतं त्याने!

तो खुर्चीवर बसला आणि फायरवॉलचं अडवलेल्या पत्त्यांचं पान उघडलं. सकाळपासून तिकडे तो फिरकलाच नव्हता, कारण आपल्याशिवाय तिथे कोणी काही करत नाही, अशी त्याची खात्री होती. तिथे एकच पत्ता होता: लॅबच्या स्वतःच्या नेटवर्कचा. वरच्या मजल्यावरच्या, कागद स्कॅन करून मेल करणाऱ्या स्कॅनरमध्ये जुना पासवर्ड राहून गेला होता. तो बिचारा पुन्हापुन्हा तोच पासवर्ड टाकत होता, यंत्राला तो चोर वाटला, आणि पिंकीने दाबलेल्या बटणाने सगळी लॅबच बंद झाली. प्रीतमने तो पत्ता काढून टाकला. क्षणात रिपोर्ट भराभर जाऊ लागले.

पण त्याचा राग काही उतरला नव्हता. अरुंधतींच्या खोलीत जाऊन तो म्हणाला, "मॅडम, चूक झाली माझी. पण माझंही ऐका ना! मी एकटा माणूस. पासवर्ड विसरले, प्रीतम. प्रिंटरमधला कागद संपला, तरी प्रीतम! माणूस चिडणार नाही का?"

"चिडेल की. मीही चिडते. तुला हाताखाली माणूस पाहिजे, ते मी वर मांडते. पण चिडून तू काय मिळवलंस? लोकांचे प्रश्न थांबले नाहीत, प्रीतम. फक्त तुझ्यापर्यंत यायचे थांबले. जो माणूस विचारायला घाबरतो, तो अंदाजाने बटण दाबतो. आणि चुकलं, तर लपवतो. सकाळी पिंकीचं अर्धं मिनिट ऐकलं असतंस, तर रुपराव आत्तापर्यंत दवाखान्यात असते."



संध्याकाळी मायाचा फोन आला. रुपराव नागपूरच्या दवाखान्यात होते, डायलिसिस सुरू झालं होतं, आणि त्यांनी चहा मागितला होता. प्रीतमने ते ऐकलं आणि सगळ्यांसमोर तो पिंकीजवळ गेला.

"पिंकी, तू बरोबर केलं होतं. विचारलं होतं. मीच ऐकलं नाही. माफ कर वं."

महादेवरावांनी लगेच संधी साधली. "प्रीतम, मग आता एक विचारू का गा? ते पासवर्ड बदलायचं कसं असते? दोन वर्षांपासून विचारीन म्हणून राहिलो."

प्रीतमने खोल श्वास घेतला, खुर्ची ओढली आणि त्यांच्याशेजारी बसला.

पुढे एकदा सुट्टी घेऊन तो घरी जेवत असताना पिंकीचा फोन आला. पडद्यावर पुन्हा काहीतरी लाल दिसत होतं. कपाळाला आठ्या पडल्याच! माणूस काही एका दिवसात संत होत नाही. पण त्याने घास खाली ठेवला आणि म्हणाला, "काही दाबू नको. काय लिहिलं आहे, ते आरामात वाच. मी ऐकून राहिलो."

वाचकहो, ज्याला चार गोष्टी जास्त कळतात, त्याच्याकडेच लोक विचारायला येणार. तो प्रश्न कधी बावळट वाटेल, कधी अगदी नको त्या वेळी येईल. तरी तो ऐकून घ्या. तुमच्या एका खेकसण्याने समोरचा गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याची किंमत भलत्याच कोणाला तरी मोजावी लागते.