ट्राऊटची थरथर

गुरुवारी दुपारी दोहातल्या ऑफिसात माणसाचं अर्धं मन आधीच घरी पोचलेलं असतं. शुक्रवार-शनिवार सुट्टी! नेमकी तिथंच मृणालिनी फसली.

तिच्या कंपनीकडे जॉर्जियातल्या एका धरणाची देखरेख होती. धरणाखालच्या नदीत कॅमेरे लावलेले, आणि ते बघायचं काम हिचं. जंगली ट्राऊट माशाची मादी शेपटीनं गोट्यांत खड्डा करते, नर शेजारी येतो, दोघं तोंड वासून थरथरतात. पण ही बया भारी नाटकी! कधीकधी नुसतीच थरथरते, अंडं एक घालत नाही. खरंच घातली, तर लगेच वरून खडी लोटून झाकते. म्हणून नियम असा, की थरथरीनंतर दहा मिनिटं बघायचंच. गुरुवारी साहेब, आफताब, दारातून ओरडले, "यल्ला, खलास!" म्हणजे चला, आटपा. आणि मृणालिनीनं दोन मिनिटांत 'अंडी नाहीत' असं लिहून रिपोर्ट धाडला. म्हटलं, उरलेलं रविवारी बघू.

शुक्रवारी बिन महमूद भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये पोहे परतताना तिला एकदम आठवलं. सुट्टी आपल्याला, तिकडे कामाचा वार! 'अंडी नाहीत' म्हटल्यावर दुपारी बारापासून धरणवाले नदीचं पाणी कमी करणार होते. बाराला पाच मिनिटं उरलेली. गॅस बंद करून तिनं लॅपटॉपवर कालचं रेकॉर्डिंग उघडलं. थरथरीनंतरच्या चौथ्या मिनिटाला तिची लेक गार्गी खांद्यावरून म्हणाली, "लुक आई, शी इज कव्हरिंग इट."

झाकत होती. जीव तोडून झाकत होती. पाणी उतरलं, की ती सगळी अंडी थंडीत गोठणार होती.

"अगं आई गं, काय करून बसले मी!"

आफताबसाहेब जुम्म्याच्या नमाजाला, फोन बंद. त्यांना विचारल्याशिवाय धरणावर फोन करायची तिला परवानगी नव्हती. नोकरी गेली तर व्हिसा गेला, गार्गीची शाळा गेली. तरी तिनं नंबर लावला.

"गेट थांबवा!"

"कोणाच्या सांगण्यावरून?" पलीकडच्या माणसानं इंग्रजीत विचारलं.

"माझ्या. कालचा रिपोर्ट चुकलाय, चूक माझी. मेल पाठवते."

त्यांनी गेट आधीच उतरवायला घेतलं होतं. स्क्रीनवर आत्ताचं चित्र लावलं, तर कॅमेऱ्याची अर्धी काच उघडी पडलेली. पाण्याची रेघ तिथंच अडली.

एक वाजता साहेबांचा फोन आला. "गेट किसने रुकवाया?"

"मैंने, सर."

"संडे को केबिन में आओ."

"आई, ओरडले का गं तुला?" गार्गीनं चक्क मराठीत विचारलं.

"रविवारी ओरडतील," मृणालिनी म्हणाली. धरणवाल्यांनी गेट परत उचललं होतं, काचेवर पाणी चढायला लागलं होतं. या वेळी तिनं दहाच्या दहा मिनिटं बघितलं.