तामी नदी पार करते

काचबिंदूनं काकासाहेबांचे दोन्ही डोळे गेले, आणि दोनच वर्षांत त्यांची बायको सगुणाबाईही गेली. अंबडच्या कोर्टात तीस वर्षं पेशकार म्हणून कागदपत्रं सांभाळलेला तो बोलका माणूस त्यानंतर दिवसभर बाजेवर नुसता बसून राहायचा. जेवण वाढलं की जेवायचा, विचारलं तर हूं म्हणायचा.

घरात दुसरं माणूस म्हणजे सून प्रभावती. नवरा रामकिसन एसटीत कंडक्टर, तो रात्रीच घरी. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत सासऱ्याशी ती धड दहा वाक्यं बोललेली नव्हती. आता काय बोलावं ते सुचेना, म्हणून तिनं ट्रंकेतून एक कादंबरी काढली. दहावीत पहिली आली तेव्हा बक्षीस मिळालेली, इंग्रजीतून मराठीत आलेली. नदी आटते म्हणून पाणमांजरांचा एक कळप डोंगरापलीकडचं तळं शोधायला निघतो, त्याची गोष्ट. रोज दुपारी तीनला, भांडी झाली की उंबऱ्याशी बसून ती वाचू लागली. चौथ्या दिवशी तिनं पुस्तक मिटलं आणि बाजेवरून आवाज आला, "मंग?"

तो 'मंग?' तिनं कमावलेला होता. ती सकाळपासून तीन वाजायची वाट बघू लागली.

सोळाव्या प्रकरणात घोटाळा झाला. कळपातली म्हातारी तामी वाटेतल्या एका पुराच्या नदीत उतरते, असं वाचता वाचता प्रभावतीची नजर खालच्या ओळींवर गेली. तामी बुडत होती. तिचा जोडीदार बोरू तीन दिवस काठावरून हलत नव्हता. सगुणाबाईंना जाऊन तेव्हा चारच महिने झालेले. प्रभावतीनं श्वासही न घेता तामीला पलीकडच्या काठावर नेऊन सोडलं.

पण पुढच्या पानांवर तामी कुठून यायची? मग रोज पदरचंच घालावं लागे. ही तामी पोरासोरांना झापायची, बोरूच्या खाण्याला नावं ठेवायची, अवघड वेळी नेमकं एक वाक्य बोलायची. काकासाहेबांना सगळ्या कळपात तीच आवडायला लागली. "म्हातारी लई बेरकी हाय," ते म्हणायचे, आणि प्रभावती पुस्तकात तोंड लपवून हसायची.

पुस्तक संपलं, त्याच उन्हाळ्यात शेजारी गौहर राहायला आली. ब्लाऊज शिवायची. नवरा बदरोद्दीन वडीगोद्रीला गॅरेजात. घरात रंगीत टीव्ही आणि केबल. प्रभावतीनं तोवर कादंबरी पुन्हा पहिल्यापासून धरली होती. ती वाचायला लागली की भिंतीपलीकडची मशीन बंद पडायची, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

एका मंगळवारी गौहर धावतच आली. "काका, चला जल्दी! तुमची पाणमांजरं टीव्हीवर आल्यात. कार्टूनचा पिक्चर हाय, हिंदीत!"

आणि तिनं काकासाहेबांचा हात धरून त्यांना उठवलं. प्रभावती बघतच राहिली. अकरा वर्षांत तिनं तो हात कधी धरला नव्हता. सुनेनं सासऱ्याला धरायची रीत नव्हती. गौहरला कसली रीत आडवी येणार?

ती मागोमाग गेली, पण दारातच उभी राहिली. गौहर त्यांच्या कानाशी बसून एकेक चित्र सांगत होती. "पाणी कसं, तर बघा, मोरपंखी रेशमावाणी. आता एक बदक आलंय, डोक्यावर टोपडं हाय त्याच्या."

काकासाहेब खदखदून हसले. असे ते पुस्तक ऐकताना एकदाही हसले नव्हते.

"पुस्तकात बदक नाहीये," प्रभावती दारातून म्हणाली.

"असू दे की," काकासाहेब म्हणाले.

"गाणंही नाहीये. आणि डोंगर चढायला त्यांना अख्खा हिवाळा लागतो, इथं एका गाण्यात चढले."

"अगं, ऐकू दे ना जरा!"

तिला ते लागलं. बायको गेल्यावर मुका झालेला हा माणूस आपण बोलता केला, आणि ही बाई आयत्या चित्रांवर त्याला हसवून राह्यली. तेवढ्यात गौहरचा आवाज थांबला.

"काय झालं?" काकासाहेबांनी विचारलं.

"काका, म्हातारी गेली. बुडाली नदीत."

"छे! तामी पार होती. प्रभावती, पार होती ना?"

खरं सांगायची ती वेळ होती. प्रभावतीनं गौहरकडं पाहिलं. गौहरचा हात काकासाहेबांच्या खांद्यावर होता.

"पारच होते, मामा. पिक्चरवाले काय, काहीही दाखवतात."

"बराबर! बंद कर गं ते. खोटं हाय."

काकासाहेब उठले. प्रभावती पुढं, ते मागं, भिंत चाचपत. ती जिंकली होती. त्या रात्री भाकरी थापताना ती गुणगुणत होती.

चार दिवसांनी दुपारी गौहर आली. "भाभी, ती किताब द्या ना. मी मराठी शाळेतच शिकले. मला बघायचंय म्हातारी कशी पार झाली."

"इथंच वाच," काकासाहेब बाजेवरून म्हणाले. "मोठ्यानं वाच. सोळावं प्रकरण."

गौहरनं कोनाड्यातलं पुस्तक घेतलं, पान काढलं, मनात वाचलं. मान वर करून तिनं प्रभावतीकडं पाहिलं. मग म्हणाली, "काका, अक्षर फारच बारीक हाय. मला न्हाई जमायचं."

तिनं झाकून घेतलं, हेच प्रभावतीला सोसवेना. हिचे उपकार? आणि जन्मभर? तिनं पुस्तक ओढून घेतलं आणि छापलं होतं ते, तसंच्या तसं वाचलं. तामी बुडाली. बोरू तीन दिवस काठावर बसला.

काकासाहेब एवढंच म्हणाले, "मला काय लेकरू समजलीस?"

दोन दिवस ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी, तीन वाजता, त्यांनी हाक मारली. "प्रभा." या नावानं पहिल्यांदाच.

ती उंबऱ्याशी येऊन बसली.

"मूळ दस्तात खाडाखोड केलीस. माझ्या कोर्टात असतीस तर नोकरी गेल्ती तुझी."

"चुकले, मामा."

"मेल्यावर किती प्रकरणं चालवलीस तिला?"

"आठ."

"आणि ती बोलायची ते?"

"माझंच."

त्यांनी दाढी खाजवली. "सगुणाही अशीच झापायची मला," ते म्हणाले. "आता आधी छापलेलं वाच. तो काठावर बसतो ते मला नीट ऐकायचंय. ते झालं की तुझी तामी सांग. दोन्ही पाहिजेत."

प्रभावतीनं डोळे पुसून पान काढलं.

"थांब. गौहरलाही बोलाव. तीही ऐकंल."

मनात नव्हतं, तरी ती उठली. ती भिंतीपाशी गेली आणि तिनं एकदाच, तेही अगदी हळू, "गौहर" म्हटलं. मशीन लगेच थांबली.