बंद पानांची कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. हाताळून हाताळून जुनी झाले असते, तर आज तोंड उघडले नसते. मी नुसती उभी राहून जुनी झाले, आणि त्याचा मला भयंकर राग आहे. स्वतःची कहाणी सांगणाऱ्याने गोड बोलावे असा रिवाज आहे खरा, पण तो आज मला पाळता येणार नाही.

माझ्या पोटात जहाजावरच्या एका आचाऱ्याची गोष्ट आहे. हा गडी बढाईखोर, पोहता न येणारा, आणि वादळ आले की जिवापेक्षा भांडी सांभाळणारा. छापखान्यात मोठमोठे कागद छापले गेले, त्यांच्या घड्या घालून त्या शिवल्या गेल्या. मग यंत्रावर कडा कापतात, तेव्हा कुठे पाने सुटी होतात. माझी पाळी आली तेव्हा यंत्रावरच्या कारागिराचे लक्ष जेवणाच्या सुट्टीकडे होते. माझी वरची कड कापायची राहिली. पाने वरून एकमेकांना जोडलेलीच राहिली आणि तशीच मी जाड पुठ्ठा आणि सोनेरी अक्षरे लेवून दुकानात गेले.

त्या कारागिराला मी केव्हाच माफ केले. भूक कोणाला लागत नाही? पण ज्यांनी मला विकत घेतले, त्यांना कशी माफ करू? वरची जोडलेली कड दिसत होती, तरी त्यांनी मला उघडलेसुद्धा नाही. माझा रंग पडद्यांना शोभतो का एवढे पाहिले आणि बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात मला उभे केले. कपाटाला कुलूप, आणि किल्ली मालकांच्या खिशात.

घरी कोणी आले की मालक कपाटावर बोट टेकवून म्हणत, "ही मी तीनदा वाचलीय. असं लिहिणारे आता राहिले नाहीत." लोक माना डोलावत. माझी स्तुती होई आणि माझा जळफळाट होई. तीनदा म्हणे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! पाहुण्यांची मुले काचेला नाक लावून उभी राहिली, तर "मळेल" म्हणून त्यांना हाकलून देत. पुस्तक मळू नये म्हणून माणसे कोरी ठेवायची, हे कुठले शहाणपण?

मग घरात सून आली. आठवड्यातून एकदा फिरायला जाताना मालक तिच्याकडे किल्ली देत, कपाटातली धूळ पुसायला. पुसायला, वाचायला नव्हे. पहिल्याच खेपेला तिने मला उघडले, जोडलेली पाने पाहिली आणि स्वयंपाकघरातून भाजीची सुरी आणली. घडीत घालून अलगद ओढली. तो आवाज मी अजून विसरले नाही. फडके खांद्यावर टाकून ती उभ्या उभ्या वाचू लागली आणि थोड्या वेळाने खुदकन हसली. माझ्यामुळे हसलेले माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

पुढे दर आठवड्याला एक घडी सुटू लागली. त्या घरात तिचे बोलणे 'हो' आणि 'आणते' यांवर आटोपत असे. मला मिटताना एकदा ती पुटपुटली, "चला, आठवडाभर पुरेल एवढं झालं." आणि खरेच पुरत असे. भिंतीपलीकडून मला ऐकू येई. भाजी निवडताना ती सासूबाईंना गोष्ट सांगे, आचाऱ्याची नक्कल करी, त्याच्याशी भांडेसुद्धा. सासूबाई आधी म्हणाल्या, "कामाच्या वेळी कसल्या गं गोष्टी?" पुढच्या आठवड्यात त्याच विचारू लागल्या, "तो मेला बुडाला की वाचला?"

एका संध्याकाळी मालकांचे कचेरीतले एक जुने सोबती आले. मालकांनी ठरलेले वाक्य ऐकवले. सोबती म्हणाले, "तीनदा वाचून झालीय ना? मग दे की मला."

मालकांनी ऐटीत मला बाहेर काढले, उघडले, आणि सुरीने कापलेल्या खरबरीत कडा दिसताच त्यांचा पारा चढला. "कुणी नासधूस केली ही?"

सून चहा घेऊन आली होती. "मी कापली पानं, बाबा. जोडलेली होती."

"होती ना जोडलेली? मग तशीच राहू द्यायची. आणल्यापासून जोडलेलीच होती. कुणाचं काही अडलं होतं का?"

सोबत्यांनी कप खाली ठेवला. "अरे, मग तू तीनदा वाचलीस ती काय वरून डोकावून?"

मालकांनी मला कपाटात कोंबून कुलूप लावले आणि सुनेला म्हणाले, "यापुढे धूळ मीच पुसेन." माझ्या शेवटच्या दोन घड्या बंदच राहिल्या. आचारी भर समुद्रात एका होडीत एकटा, हातात वल्हेही नाही. सून म्हणाली, "हो." तो 'हो' ऐकून मला काच फोडावीशी वाटली.

तेवढ्यात पदराला हात पुसत सासूबाई आल्या आणि त्यांनी मालकांपुढे हात पसरला. "अहो, किल्ली द्या."

"तुला कशाला?"

"तो आचारी घरी पोचल्याशिवाय या घरात स्वयंपाक होणार नाही."

किल्ली मिळाली. सुनेने शेवटच्या घड्या कापल्या आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले. सोबती जायचे विसरले. मालक वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते, पण त्यांनी एकही पान उलटले नाही.

आज माझ्या पानांवर चहाचे डाग आहेत, कोपरे दुमडले आहेत. पण माझा राग गेलेला नाही. त्याच कप्प्यात माझ्या कितीतरी बहिणी अजून ताठ उभ्या आहेत, आणि तुमच्याही घरी असतीलच. मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी सांगते, आम्हाला जपू नका. मळवा, हसा, भांडा, दुसऱ्याला सांगा. उठा आणि एकीला तरी बाहेर काढा. सुरी लागलीच तर स्वयंपाकघरात आहे.