काजळीवरची पावलं

कोपराचा धक्का लागला आणि रोगणाची बाटली खाली पडून फुटली. देवाजीच्या दोन्ही हातांत यंत्रावरून नुकताच उतरवलेला काजळीचा कागद होता. 

मूल गावचा हा पदवीधर चार महिने एटापल्लीच्या जंगलात भूकंपमापक सांभाळत होता. काजळी धरलेल्या कागदावर सुई पांढरी रेघ ओढायची. दूरच्या भूकंपाची थरथर कुठे किती सेकंदांनी पोचली, यावरून देशाच्या पोटातला खडक किती खोल आहे ते कळणार होतं. पण मोठा भूकंप काही येईना. यायची ती पाणी भरणारी सोमारी, घागर घेऊन, आणि तिच्या चालण्यानं रेघ हलायची.

"हळू चाल न बाई! कागद खराब होऊन राह्यला," तो रोज खेकसायचा.

आज सकाळी तो कागदावर उमटला. मुक्काम संपला होता; उद्या बैलगाडी सामान न्यायला येणार, आणि रोगणात न बुडवलेली काजळी पहिल्याच धक्क्याला झडणार. देवाजीला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

"काय सांडलं?" सोमारीनं दारातून विचारलं.

"लाखेचं रोगण. त्याच्याबिगर हे सारं पुसून जाते."

ती गेली आणि काड्यांची जुडी घेऊन आली. काड्यांवर लाख चिकटलेली होती.

"हे तं बेणं आहे," देवाजी म्हणाला. "पुढच्या लाखेसाठी पळसाले काय बांधशील?"

"बहिणीले मागीन. देईल तं देईल. तू भूकंप कोणाले मागशील?"

तिनं लाख कुटली, धुतली. त्यानं पेट्रोमॅक्सचं स्पिरिट ओतलं. दुपार उतरताना कागद बुडवून दोरीवर टाकला. त्याला किंचित लाली आली होती.

मोठ्या थरथरीच्या जरा आधी बारीक दातऱ्यांची एक ओळ होती.

"हे काय?" सोमारीनं बोट दाखवलं.

"तू. सकाळी पाणी आणलं तं."

सोमारीनं पाय आखडून घेतले. "मंग तेवढं पुसून टाक."

"आता नाई पुसत. तुह्याच लाखेत बसलं."

अशा जागी 'स्थानिक अडथळा' असं लिहायचा नियम होता. देवाजीनं पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'सोमारी, पाणी घेऊन.'

यंत्रावर शेवटचा कागद फिरत होता. सोमारी रिकामी घागर उचलून सवयीनं चवड्यांवर निघाली.

"बाई," देवाजी म्हणाला, "जोरानं चाल न."