दगडाची पाठ

त्या दिवशी मी दगड घासायच्या चाकावर पाणी ठिबकवायचा डबा भिंतीवर फेकला, हे खरं आहे. नवऱ्याच्या अंगावर फेकला नाही, एवढं मात्र माझ्या बाजूने धरा. भिंतीवरून राखाडी ओघळ खाली आले आणि हे दारात उभे राहून म्हणाले, "अगं, पण झालं काय?" त्यावर तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. झालं काय म्हणे!

आमच्या घरातली मागची खोली दगडांची. बाकीची माणसं अशा खोलीत जुन्या गाद्या कोंबतात. आम्ही दोघं तिथे दगड कापतो, घासतो, चकाकी आणतो आणि चांदीत बसवून त्यांची पदकं नाहीतर अंगठ्या करतो. पोटासाठी नाही, हौस म्हणून. बारा वर्षं झाली. हे मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा पगार घेत होते. निवृत्त झाल्यावर ती सवय कारखान्यात ठेवून यायला हवी होती, ती घरी आणली. पोळपाटाचा एक पाय आखूड आहे हे मला लग्नानंतर तीस वर्षांनी त्यांच्याकडूनच कळलं.

खोलीचा कायदाही ह्यांचाच. उजव्या ताटलीत झालेलं काम, डाव्या ताटलीत राहिलेलं. डावीकडचा दगड ज्याला वेळ असेल त्याने पुढे न्यायचा, विचारत बसायचं नाही. ह्या कायद्याने आमचं बरं चाललं होतं, हे मी नाकारत नाही.

आता ताईचा दगड. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. दहा वर्षांची असताना तिने तो नदीच्या पात्रातून उचलला आणि पुढे कधी सोडला नाही. अंड्याएवढा, तपकिरी, दिसायला अगदी सामान्य. पण त्याच्या पाठीला एक खड्डा होता, आणि खड्ड्याच्या कडेला खपलीसारखी खरखरीत धार. तिचा अंगठा त्या खड्ड्यात बसायचा. परीक्षेला तो मुठीत, बाळंतपणात मुठीत, नवरा गेला तेव्हा मुठीत. आता तिची नजर जवळजवळ गेलीय. उजेड आणि सावली एवढंच कळतं. म्हणून तर दगड जास्तच लागतो.

एके दिवशी मी तिच्याकडे गेले तर ताई पलंगाखाली पालथी. दगड हातातून घरंगळला होता आणि सत्तरीच्या वर गेलेली बाई गुडघे सोलवटून तो चाचपत होती. मी तो शोधून तिला दिला. म्हटलं, मला दे, मी त्याला चांदीची टोपी करते, साखळीत घालते, गळ्यातच राहील. ती देईना. मी आठवडाभर मागे लागले. त्यात माझी एक लबाडी होती, तीही सांगते. मला तो दगड पुढून घासून आत काय आहे ते बघायचंच होतं. हातात चाक आल्यापासून मला त्याची खाज होती.

शेवटी तिने तो माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "पुढून काय वाटेल ते कर. मला थोडंच दिसणार आहे? पण पाठीला हात लावायचा नाही. शब्द दे." मी दिला.

पुढची बाजू सुरेख निघाली. आत पांढरे, निळसर पट्टे, एकात एक. मी दोन दिवस त्या नशेतच होते. मग टोपीसाठी चांदीचा पत्रा आणायला बाहेर पडले आणि दगड ताटलीत ठेवला. डावीकडच्या. कारण काम राहिलं होतं ना.

परत आले तेव्हा तो उजवीकडच्या ताटलीत होता. पाठ वर. आरशासारखी.

हे शाबासकीची वाट बघत उभे होते. तीन तास घासत होतो म्हणाले, तो खड्डा घालवता घालवता कंबर मोडली म्हणाले, एवढ्या चांगल्या दगडाची पाठ तशी कच्ची सोडणं तुला शोभत नाही म्हणाले. मग डबा भिंतीवर गेला.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मनातल्या मनात मात्र तोंडाचा पट्टा चालूच होता. माणूस आहे की रंधा? खड्डा दिसला की बुजवायचा, खरखरीत दिसलं की गुळगुळीत करायचं. मी घासायची भरड पूड घेऊन ती पाठ पुन्हा ओबडधोबड करायचा प्रयत्न केला. झाली ओबडधोबड, पण कुणीतरी खरवडल्यासारखी. ह्यांना माझी दया आली असावी. दारातून म्हणाले, "खड्डा परत कोरून देतो. माप सांग."

माप! साठ वर्षं एका अंगठ्याने झिजवलेल्या खड्ड्याचं माप मी कुठून आणू?

मी खरवडलेलं पुन्हा गुळगुळीत केलं, टोपी बसवली, साखळी ओवली. तेव्हा हे हळूच म्हणाले की, आपण काही बोलूच नये, ताईंना कुठे दिसतंय. हे ऐकून माझ्या डोक्यात इतकी तिडीक गेली की मी तिथल्या तिथे ठरवलं, ह्यांना बरोबर न्यायचं. ज्याने केलं त्याने तिच्या तोंडावर कबूल करायचं. माझ्या मागे लपायचं नाही.

ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. ह्यांचा आवाज ऐकून तिला बरं वाटलं, भाऊजी आज कसे वाट चुकलात, म्हणाली. मी पदक तिच्या हातात दिलं. तिने ते पुढून चाचपलं, उलटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. अंगठा कुठे थांबेना, घसरतच राहिला.

"छान झालंय," ती म्हणाली. "किती गुळगुळीत." मला वाटलं तिला कळलं आणि ती आम्हाला सांभाळून घेतेय. तिचा स्वभावच तसा. माझा जीव भांड्यात पडला.

मग तिने पदक मांडीवर ठेवलं आणि रिकामा हात माझ्यापुढे पसरला.

"आता माझा दगड दे," ती म्हणाली.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. बोला म्हणून मी कोपराने ढोसलं. ते बोलले, अडखळत बोलले, पण सगळं बोलले. मागची बाजू राहून गेलीय असं वाटलं, म्हणून आपणच घासली, तीन तास लागले, हेसुद्धा सांगितलं. मी त्यात भर घातली. ताई, ह्यांना हात लावल्याशिवाय राहवतच नाही, मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाहीये, मी डबा फेकला. मी बोलतच सुटले होते.

ताईने मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "पाठ तशीच ठेवायची म्हणून भाऊजींना सांगितलं होतंस?"

मी म्हटलं की सांगणारच होते, पण सांगितलं असतं तर त्यांनी तासभर व्याख्यान दिलं असतं, पाठ कच्ची कशी ठेवू नये त्याचं.

"सांगितलं होतंस का?"

"नाही."

"मग त्यांना कशाला घेऊन आलीस?" ताई म्हणाली. "शब्द तू दिला होतास."

तिचा आवाज चढलेला नव्हता. पसरलेला हात मात्र तिने अजून मागे घेतला नव्हता.