गाऱ्हाण्यात न बसलेलं नाव

गोवा सुटला त्या डिसेंबरात गावाने देवळात गाऱ्हाणं घातलं. "लढायेत मेल्ले तेंका शांती दी, म्हाराजा!" गुरव म्हणाला. "व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

गोव्यात मजुरीला असलेला विमलाचा भाऊ आपल्या फौजेच्या तोफगोळ्याने गेला होता. त्याचं नाव गुरवाने घेतलं. तिचा नवरा पाच वर्षांपूर्वी गोव्यातच बंदराच्या धक्क्यावर आपल्याच क्रांतिकारकांच्या बॉम्बने गेला होता. दोघांचेही देह तिने कमरेच्या करगोट्यावरूनच ओळखले होते.

"माज्या घोवाचाय नाव घेवा," ती म्हणाली. बायकोने स्वतः ते कसं घ्यावं?

"तो खंय लढायेत मेलो गो?" म्हणत गुरवाने पुन्हा हात जोडले. "ह्या बायेच्या मनाक शांती दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला. सवयीने विमलाही.